नोंदीचे इमान

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे किंवा फार तर निजामी राजवटीतील मराठीच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र औषधांच्या चाचण्यांत ज्या नोंदी ठेवल्या जातात, त्या नोंदींच्या व्यवस्थापनाचा विषय आज निवडला आहे. त्यामागे दोन कारणे आहेत. आपले हैदराबाद हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे, आणि या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची मुले-मुली त्या उद्योगात आहेत. "मुलगी क्लिनिकल डेटामध्ये आहे," असे आईवडील अभिमानाने सांगतात. परंतु तेथे ती नेमके काय करते, असे कोणी विचारले की संभाषण तिथेच थांबते. दुसरे कारण असे की, हे काम तुम्हाआम्हाला वाटते तितके परके नाही. पोथीचा पाठ निश्चित करणारा संशोधक, पेढीवर कीर्द लिहिणारा मुनीम आणि ग्रंथालयाची दाखल-नोंदवही सांभाळणारा ग्रंथपाल या तिघांचेही हे काम भाऊबंद आहे.

प्रथम चाचणी म्हणजे काय ते पाहू. एखादे नवे औषध गुणकारी आहे की नाही, हे एका रोग्याच्या अनुभवावरून ठरत नाही. रोगी आपोआपही बरा होतो, किंवा औषध घेतल्याच्या समाधानाने त्याला बरे वाटते. म्हणून रोग्यांचे दोन गट करावे लागतात. एका गटाला नवे औषध द्यायचे आणि दुसऱ्याला जुने औषध किंवा नुसती साखरेची गोळी. कोण कोणत्या गटात जाणार हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवावर सोडायचे, आणि शक्य असेल तेथे रोगी व वैद्य या दोघांनाही त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि जिचा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला, ती या पद्धतीचा आदर्श मानली जाते. तीत रोग्याचा गट मोहोरबंद लिफाफ्यात ठेवलेला होता, आणि क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना चित्र कोणत्या गटातील रोग्याचे आहे हे सांगितलेले नव्हते.

अशी चाचणी महिनोन्महिने चालते, कधी वर्षानुवर्षे. अनेक गावांतील इस्पितळे तीत असतात. प्रत्येक रोग्याचे वजन, ताप, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, त्याच्या तक्रारी, त्याने घेतलेल्या आणि चुकवलेल्या गोळ्या यांच्या हजारो, कधी लाखो नोंदी जमतात. अखेरीस त्यांतून एक आकडा निघतो. २०२० आणि २०२१ या वर्षांत लस इतके टक्के परिणामकारक आहे असे आकडे आपण रोज ऐकत होतो. त्या आकड्यावर आपण दंड पुढे केला. पण आकडा ज्या नोंदींतून निघाला त्या नोंदी खऱ्या होत्या, पुऱ्या होत्या आणि कोणी त्यांत फेरफार केलेला नव्हता, याची हमी कोण देतो? ही हमी देण्याचे शास्त्र म्हणजेच डेटा व्यवस्थापन. डेटासाठी मराठीत 'विदा' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. मी मात्र आज 'नोंद' हा आपला जुना शब्दच वापरणार आहे.

या विषयाची एक फार मोठी कथा आपल्याच शहरात, येथून फारशा दूर नसलेल्या कोठी आणि अफझलगंज परिसरात घडून गेली आहे. ती माणसांवरील औषधचाचणीची नसून प्राण्यांवरील प्रयोगांची आहे. परंतु नोंदीचे मोल तिच्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

१८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल वापरात आणली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात पायाच्या बोटाचे नख काढताना हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी या भुलीखाली दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? एडिंबरोचा पक्ष म्हणे, श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणजे धोका नाही. लंडनचा पक्ष म्हणे, नाडीवरचे बोट काढू नका, हृदय एकाएकी बंद पडू शकते. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. भूल देणाऱ्याने नजर कोठे ठेवायची, यावर टेबलावरच्या रोग्याचा जीव अवलंबून होता.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरो पक्षाचे कट्टर अनुयायी होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमवले. त्याचा निष्कर्ष असा की, श्वास नेहमी आधी थांबतो आणि हृदय मागाहून. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने १,००० पौंड देऊ करून 'लॅन्सेट'लाच आपला तज्ज्ञ पाठवण्याचे आवाहन केले. त्यानुसार डॉ. लॉडर ब्रन्टन १८८९ मध्ये हैदराबादेस आले आणि दुसरे कमिशन बसले. विरोधकाने पसंत केलेल्या परीक्षकाला आपल्या खर्चाने घरी बोलावणे, ही गोष्ट आजही विरळाच म्हणावी लागेल.

काम संपत आल्यावर ब्रन्टन यांनी विलायतेस जी तार केली, तिचा आशय मुद्दाम सांगण्याजोगा आहे. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे, घोडे मिळून ४९० प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांपैकी १२० प्राण्यांचा रक्तदाब यंत्राने मोजला. आणि सर्व आलेखांची छायाचित्रे घेतली आहेत, असे तीत म्हटले होते. निष्कर्ष लॉरींच्या बाजूचाच होता: धोका श्वास कोंडण्याचा वा मात्रा अधिक होण्याचा आहे, हृदयाला थेट धोका नाही. कमिशनचा अहवाल १८९१ साली मुंबईत, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापून निघाला.

हा निष्कर्ष चुकीचा होता. आणि तो चुकीचा आहे हे उघड होण्यास कमिशननेच जपून ठेवलेले आलेख उपयोगी पडले. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर या शास्त्रज्ञांनी १८९३ साली स्वतःचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्याबरोबरच हैदराबादच्या आलेखांचीही फेरतपासणी केली. ज्या रेघेत लॉरींना हृदय निर्दोष दिसले, त्याच रेघेत क्लोरोफॉर्मने हृदय दुबळे होत असल्याची खूण त्यांना दिसली. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवून दिले की, भूल खोल असताना नव्हे, तर ती हलकी असताना हृदयाची लयबद्ध आकुंचने मोडून नुसता थरकाप उरू शकतो आणि क्षणार्धात मृत्यू येऊ शकतो. हैदराबादच्या कमिशनला हे दिसले नाही, कारण हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांचा आलेख काढणारे यंत्र तेव्हा सर्रास वापरात आलेले नव्हते. जे नोंदले गेले नाही ते मागाहून कोणालाही वाचता येत नाही. परंतु जे नोंदले गेले होते ते निर्मळ होते, म्हणूनच ते नोंदवणाऱ्यांच्या विरुद्धही साक्ष देऊ शकले.

१९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि अफझलगंजचे ते जुने इस्पितळ उद्ध्वस्त झाले. कमिशनचे आलेख त्या एकाच इमारतीत पडून राहिले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. पण छायाचित्रे निघालेली होती, अहवाल छापलेला होता, आणि त्याच्या प्रती दूरदूरच्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या होत्या. आज चाचणीच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्याचा दंडक असतो. त्याचे मर्म या पुराच्या उदाहरणाने चटकन समजावे.

आता आजच्या पद्धतीकडे वळू. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, लिहून ठरवला जातो. काय मोजायचे, केव्हा मोजायचे आणि यशाची कसोटी कोणती, हे आधी ठरते. खेळ संपल्यावर नियम बदलता येऊ नयेत, हा त्याचा हेतू. भारतात यासाठी २००७ साली चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही उघडली गेली, आणि १५ जून २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तीत दाखल करणे सक्तीचे झाले. त्यानंतर प्रत्येक रोग्यासाठी ठरावीक नमुन्याचे पत्रक तयार होते. त्यावर रोग्याचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. रोग्याचे खासगीपण राखणे हाही या व्यवस्थेचा धर्म आहे. ही माहिती संगणकात जाते. कागदावरून ती भरायची असेल तर काही वेळा दोन माणसे ती स्वतंत्रपणे भरतात, आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या जातात.

मग शंका निघू लागतात. या रोग्याचे वजन मागील महिन्यात ५६ किलो होते, ते आता ६५ कसे? अंक उलटे पडले की खरोखर वजन वाढले? ही पुरुष रोग्याची नोंद असताना गर्भधारणेच्या चाचणीचा निकाल कोठून आला? अशी प्रत्येक शंका इस्पितळाला लेखी कळवली जाते आणि तिचे उत्तर लेखी घेतले जाते. तुमची मुलगी दिवसभर संगणकासमोर बसून जे करते, त्यातला मोठा भाग हा असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ५६ हाच आकडा बरोबर असणार हे तिला मनोमन ठाऊक असले, तरी तो आपल्या हाताने दुरुस्त करण्याचा अधिकार तिला नाही. जेथे रोगी प्रत्यक्ष काट्यावर उभा राहिला, तेथल्या माणसानेच मूळ कागद पाहून उत्तर द्यायचे.

दुरुस्तीचा नियमही आपल्या ओळखीचा आहे. आमच्या जुन्या पेढ्यांवर कीर्द लिहिताना खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चाचणीच्या कागदावर आजही हाच नियम आहे. भरीला तारीख आणि कारण लिहावे लागते. संगणकावर तर प्रत्येक बदलाचा माग आपोआप राहतो: कोणी बदलले, केव्हा, पूर्वी काय होते. चूक होणे हा दोष मानलेला नाही. चूक पुसून टाकणे हा मानलेला आहे. सर्व शंका मिटल्यावर दप्तर कुलूपबंद होते. कोणत्या रोग्याला कोणते औषध मिळाले याचे गुपित त्यानंतरच फुटते आणि संख्याशास्त्रज्ञ हिशेबाला बसतो. आधी कुलूप आणि मग गुपित, हा क्रम उलटा झाला तर निकाल पाहून नोंदी 'सुधारण्याचा' मोह कोणाला पडेल, हे सांगता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला येथे नाथांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला. ज्यांच्यापाशी स्वतंत्र काव्यप्रतिभा होती अशा कवीने मूळ ग्रंथात आपल्या पदरची ओवी न घालणे, एवढेच नव्हे तर पुढे कोणी घालू नये असे बजावून ठेवणे, हा संयम मला डेटा व्यवस्थापनाचा आद्य पाठ वाटतो. संपादकाला चांगले सुचते. तरीही मूळ जे आहे तेच राखायचे असते.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट येथे सापडते. रोग्याच्या तक्रारी वैद्यकीय शब्दकोशातील ठरावीक संज्ञांत बसवाव्या लागतात, म्हणजे त्यांची मोजदाद करता येते. पण रोगी आपल्या भाषेत बोलतो. चक्कर येऊ लागली की तेलुगूभाषक म्हणतो, "कळ्ळु तिरुगुतुन्नायि", म्हणजे शब्दशः डोळे फिरताहेत. अर्धवट तेलुगू जाणणाऱ्याने ते डोळ्यांचा विकार म्हणून लिहून घेतले, तर औषधाच्या माथी नसता दोष बसेल आणि खरा दोष निसटेल. आपल्याकडे "जीव घाबरा होतो" असे बाई सांगते. तो घाम आहे, धाप आहे, छातीतली धडधड आहे की नुसती भीती? म्हणून रोग्याचे मूळ शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत आणि संज्ञेचा निर्णय मागाहून करावा, हे शहाणपणाचे. तेलुगू, दखनी, उर्दू, मराठी अशा चार भाषा एकाच रांगेत उभ्या असलेल्या या शहरात हे किती अगत्याचे आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

नोंदींचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत आधी येतो. तो म्हणजे संमतीपत्र. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक पथदर्शक प्रकल्प राबवण्यात आला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला, चौकशी झाली, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर अहवाल दिला. चौकशीत पुढे आलेले आकडे बोलके आहेत. आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. त्या मुलींच्या आईवडिलांना काय समजावले गेले, हे त्या कागदांवरून कळत नाही. पण त्यांना पुरते विचारले गेले नाही, हे मात्र कळते. लस स्वतः चांगली की वाईट हा प्रश्न येथे नाही. कोणाच्या लेकीच्या दंडावर सुई टोचण्यापूर्वी त्याला विचारले होते का, हा आहे. तो विचारता आला, कारण कागद शिल्लक होते आणि ते मोजता आले.

आता अखेरचे उदाहरण, पुन्हा आपल्याच शहरातले. एखाद्या औषधाचे एकाधिकार संपले की इतर कारखाने तेच औषध स्वस्तात काढतात. ते मुळाबरहुकूम आहे हे दाखवण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या पाळीपाळीने देतात आणि तासातासाने रक्त काढून त्यातील औषधाचे प्रमाण मोजतात. त्याबरोबर स्वयंसेवकाच्या प्रकृतीची खातरजमा म्हणून हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढला जातो. २०१४ साली फ्रान्सच्या औषध-नियंत्रकांनी येथील एका संस्थेची तपासणी केली तेव्हा, हे ईसीजी ज्यांचे म्हणून जोडले होते त्यांचे ते नव्हते, असे त्यांना नऊ चाचण्यांत आढळले. जानेवारी २०१५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने सुमारे ७०० औषधप्रकारांची विक्री स्थगित करण्याची शिफारस केली. संस्थेने निष्कर्षांना आव्हान दिले, आणि भारत सरकारनेही त्या निर्णयाबद्दल तीव्र नापसंती दर्शवली.

या प्रकरणातली लक्षात ठेवण्याजोगी बाब वेगळीच आहे. औषधे एकसारखी आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी ईसीजीची गरज नव्हती. ती औषधे घातक वा निकामी ठरल्याचा पुरावा नाही, असे युरोपच्या संस्थेनेच सांगितले होते. मग एवढी कठोर शिफारस कशासाठी? तर ज्या हाताने बिनमहत्त्वाची नोंद फिरवली, त्याच हाताने महत्त्वाची नोंद फिरवली नसेल, याचा भरवसा उरला नाही. ईसीजीचा एक कागद करायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे वाचवण्याची किंमत तिथे प्रामाणिकपणे राबलेल्या अनेकांच्या श्रमांना आणि या शहराच्या नावाला मोजावी लागली.

श्रोतेहो, आता ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा. १८८९ साली हैदराबादेत हृदयाविषयीचा निष्कर्ष चुकला, पण रेघ खरी होती. त्यामुळे केंब्रिजमध्ये बसलेल्या माणसाला ती वाचून चूक पकडता आली, आणि अखेर भूल देणाऱ्याचे बोट रोग्याच्या नाडीवर परत आले. सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण रेघ परक्याची होती. त्यामुळे त्या निष्कर्षावर कोणाला विसंबता येईना. लॉरी हट्टी होते, पक्षपाती होते, आणि तरीही त्यांनी आपल्या विरोधकाच्या हाती कागद ठेवले. विज्ञानाला चूक सोसते. खोटी नोंद सोसत नाही, कारण तिच्यातून चुकीपर्यंत परत जाण्याची वाटच बुजलेली असते.

आपल्या ग्रंथालयाची शंभर वर्षांची दाखल-नोंदवही कोणी उघडली तर तिच्यातही हेच दिसेल. पुस्तक हरवले असेल तर 'हरवले' असे लिहिलेले असेल; क्रमांक खोडून दुसरे पुस्तक तेथे बसवलेले नसेल. त्या एका शब्दामुळे बाकीच्या सर्व नोंदींवर विश्वास बसतो. तेव्हा ज्यांच्या घरची मुले या व्यवसायात आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती की, त्यांनी आपल्या मुलांना एकदा विचारावे, "आज कोणती शंका काढलीस?" ती काढताना वरिष्ठांची घाई, मुदतीची तारीख, सहकाऱ्याचा रोष या सगळ्यांपुढे त्यांना उभे राहावे लागते, आणि त्याची वाहवा कोठेही होत नाही. रात्री झोपण्यापूर्वी रक्तदाबाची गोळी घेताना आपण ज्या माणसावर विश्वास ठेवतो, त्याला आपण कधी पाहिलेले नसते. तो माणूस कोणाच्या तरी घरी वाढलेला असतो. तो आपल्या घरी वाढलेला असेल, तर त्याच्या कामाचे मोल निदान आपल्याला ठाऊक असावे.